निळ्या रक्ताच्या हेराची हजामत

वाचनालयाच्या पायऱ्यांवरच धाकट्या दिराने वहिनींना गाठलं.

"वहिनी, आत पंधरा-वीस माणसं जमलीत. त्यातल्या एकाने जरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं असेल, तर दुसरा भाग छापायला देतो. नाहीतर ते बाड रद्दीत. तुम्ही साक्षीदार."

"मी वाचलंय की शेवटपर्यंत."

"घरची माणसं धरायची नाहीत."

दीर लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात नाहीतर गच्चीवरच्या यंत्रखोलीत ग्रीसने माखून घ्यायचं आणि घरी येऊन टोपणनावाने लिहायचं, असं चार वर्षं खपून त्याने 'निळ्या रक्ताचा हेर' ही कादंबरी पुरी केली होती. परग्रहावरचा एक हेर माणसाचं सोंग घेऊन सरकारी प्रयोगशाळेत शिरतो, मोठा शास्त्रज्ञ म्हणून मिरवतो, आणि आपली एक गुप्तहेर बाई त्याला पकडते, अशी गोष्ट. वहिनी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या, म्हणून हस्तलिखित त्यांच्या टेबलावर येऊन पडलं. त्यांनी पेन्सिलीने शास्त्राच्या त्रेसष्ट चुका काढल्या. त्याने एकोणीस सुधारल्या. बाकीच्यांवर एकच उत्तर: "वहिनी, ते परग्रहावरचे. त्यांचं त्यांना माहीत."

खरं सांगायचं तर वहिनींना पुस्तक सुमारच वाटलं होतं. आभाराच्या पानावर माझं नाव घालाल तर याद राखा, असं त्यांनी बजावलं होतं. दुसरा भाग सहाशे पानांचा आहे हेही त्यांना ठाऊक होतं. बाड रद्दीत गेलं असतं तर त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नसतं.

वाचनकक्षात दीर मागच्या रांगेत जाऊन बसला. लेखक कोण हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. ग्रंथपालबाईंनी पुस्तक दोन बोटांत धरून वर केलं, मेलेली पाल उचलावी तसं.

"आपल्याकडून सहा जणांनी नेलं. चौघांनी दुसऱ्या दिवशी परत आणलं. बोला."

वकीलसाहेब म्हणाले, "मी झोपेच्या गोळ्या सोडल्या, याचं श्रेय या लेखकाला. चार पानांत घोरायला लागतो."

"मला मुखपृष्ठ आवडलं," खिडकीजवळच्या एक आजी म्हणाल्या. "निळा रंग छान आहे. आतलं काही कळलं नाही."

हशा पिकला. दिराने मान खाली घातली.

मग रसायनमास्तर उठले. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. चूक दिसली की त्यांना जेवल्यासारखं वाटायचं.

"पान चाळीस! हा म्हणे मोठा शास्त्रज्ञ. काचनळीत पाणी मोजतो आणि आकडा वाचतो कुठला, तर वरच्या कडेचा! अहो, पाणी काचेला धरून कडेने वर चढतं, मध्ये खोलगट राहतं. आकडा त्या खोलगटाच्या तळाचा घ्यायचा. माझी आठवीची पोरं झोपेत सांगतील. लेखकाने आयुष्यात प्रयोगशाळेचं दार तरी बघितलंय का? मी तिथंच पुस्तक मिटलं."

टाळ्या पडल्या. वहिनींच्या जिभेच्या टोकाशी उत्तर आलं. ती चूक नव्हतीच. सगळ्या पुस्तकात ती एकच गोष्ट धड होती, आणि ती वहिनींनीच दिराला सुचवलेली. हेराच्या ग्रहावर पाऱ्याचे समुद्र; पारा काचनळीत मध्ये फुगून वर येतो, म्हणून त्याचा आकडा माथ्याचा वाचतात. जन्माची सवय सोंगातही सुटत नाही. दोनशे बाराव्या पानावर गुप्तहेर बाईला ते पाणी मोजणं आठवतं आणि हेर सापडतो.

दीर त्यांच्याकडे बघत होता, बोला ना, अशा डोळ्यांनी. पण वहिनींनी ओठ मिटून घेतले. एकदा उत्तर फोडलं की सगळेच म्हणणार, हो हो, आम्हीही वाचलंय. तराजूला बोट लावून वजन करायचं नसतं.

"म्हणजे पुस्तक यादीतून काढायचं?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"थांबा," दाराजवळून आवाज आला. बंदरावर क्रेन चालवणारी बाई. सगळे तिला क्रेनवालीच म्हणत. "मास्तर, तुम्ही चाळिसावर मिटलंत?"

"मिटलं."

"मग तुमचा पचका झाला. मलाही नळीबिळीतलं काही कळत नाही. पण क्रेनवर बसून वाचताना दोनशे बारावर आले आणि अशी शिवी हासडली की खालच्या माणसाला वाटलं, साखळी तुटली. तशीच मागे चाळिसावर गेले. लबाडाने डोळ्यांदेखत ठेवलं होतं! तो पाण्याचा माणूसच नाही हो, पाऱ्याचा आहे."

मास्तरांनी पुस्तक ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या पानं चाळायला लागले. वहिनींनी हळूच श्वास सोडला.

"म्हणजे चांगलं आहे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"कसलं चांगलं! ते प्रेमाचं प्रकरण वाचून मलाच लाज वाटली. त्या परग्रहवाल्यांचा म्होरक्या अकरा पानं भाषण ठोकतो. अकरा! लिहिणाऱ्याला आवर घालणारं घरात कुणी नाही वाटतं."

हा घाव मात्र वहिनींना बसला.

"पण ती बाई लिफ्टच्या खड्ड्यात दोरावर लटकते ना," क्रेनवाली म्हणाली, "तिथं माझ्या तळहातांना घाम फुटला. आणि मी रोज तीस मीटरवर बसते."

मास्तर दोनशे बारावर पोचले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठीक आहे. पण मला सांगा, समुद्र भरेल एवढा पारा येणार कुठून?"

"अगदी बरोबर!" वहिनी एकदम मोठ्याने बोलून गेल्या. त्रेसष्टांतली ती सत्ताविसावी चूक होती. सगळे वळून बघायला लागले, तेव्हा त्यांनी पदराने चष्मा पुसायला घेतला.

बाहेर पायऱ्यांवर दीर लिफ्टसारखा वर-खाली होत होता. "वहिनी, एक! एक जण निघालं!"

"निघालं. बिचारीने ती अकरा पानंही वाचली."

"मग दुसरा भाग?"

"दुसऱ्या भागात म्होरक्या बोलतो का?"

दीर बुटांच्या नाडीकडे बघायला लागला. "बोलतो."

"किती पानं?"

"...सतरा."

वहिनींनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि त्याच्या वरच्या खिशात खोचली.

"ही तुमच्याकडेच ठेवा, भाऊजी. बाड उद्या आणून टाका. या खेपेला मी कात्री घेऊन बसते."