शून्यबाई

ग्रंथालयात येऊन माणूस जे मागतो, ते त्याला हवं असतंच असं नाही. हे मी संदर्भ विभागाच्या टेबलामागे बसून शिकले, आणि हे न शिकवताच ज्यांनी मला पदवी दिली त्यांच्यावर माझा अजून राग आहे. एकदा एका गृहस्थांनी शहराचा नकाशा मागितला. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, बाजारात जायला दुसरा रस्ता शोधायचाय. तो मिळाला तर काय करणार, असं विचारल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं की सासऱ्यांच्या खिडकीखालून जाणं कायमचं बंद करणार. त्यांना नकाशा नकोच होता. मी त्यांना कापडबाजाराच्या मागची गल्ली सांगितली आणि ते आनंदानं गेले.

तेव्हापासून माझे तीन प्रश्न ठरलेले. काय हवंय, कशासाठी हवंय, आणि मिळालं तर काय करणार. पहिल्या दोन प्रश्नांना लोक शहाण्यासारखं उत्तर देतात. तिसऱ्याला खरं बोलतात.

उत्तर शोधायचं काम मात्र निव्वळ हमालीचं होतं. मासिकांतल्या लेखांच्या सूचींचे जाडजूड खंड भिंतभर लावलेले, प्रत्येक वर्षाचा वेगळा. कुणाला घोड्यांवरचे लेख हवे असले की शिडीवर चढायचं, एकेका वर्षाचा खंड उतरवायचा, ‘घ’ काढायचा, टिपून घ्यायचं, खंड परत चढवायचा. माझं अर्धं आयुष्य शिडीवर गेलं आणि उरलेलं शिंकण्यात.

मग डेटाबेस आला. आमच्या ग्रंथपालांना आम्ही पाठीमागे ‘शांतता’ म्हणायचो, कारण भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवण्यातच त्यांचा दिवस जायचा. त्यांनी माझ्या टेबलावर संगणक ठेवला, दोनचार कळा दाखवल्या आणि लिहा म्हणाले. मी ‘घोडा’ लिहिलं. सगळ्या वर्षांचे सगळे घोडे एकदम पडद्यावर आले. मी उठले, शिडीला एक लाथ मारली आणि मग सरांची माफी मागितली. त्या आठवड्यात मी सुटलेच. देवमासे शोधले, बटणं शोधली, ज्वालामुखी शोधले, आईचा गुडघा शोधला. मला वेड लागलं होतं आणि ते मला फार आवडलं होतं.

या यंत्राची एक गंमत होती. जगात ‘आणि’ म्हटलं की वाढतं. पाव आणि लोणी मागितलं की ताटलीत दोन गोष्टी येतात. यंत्रात नेमकं उलटं. ‘पाव आणि लोणी’ लिहिलं की ज्या लेखात दोन्ही आहेत तेवढेच उरतात, बाकी सगळे गळतात. ‘किंवा’ लिहावं, तर पावाचे येतात, लोण्याचे येतात, दोन्हींचेही येतात, नुसती चंगळ. थोडक्यात काय, पडद्यापुढे ‘आणि’ कंजूष आणि ‘किंवा’ दिलदार. लोकांच्या हे पचनी पडायचं नाही. हावरी माणसं मला ‘आणि’वर ‘आणि’ सांगत जायची आणि शून्य आलं की माझ्याकडे रागानं बघायची.

घरी मी आणि आई आणि आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, अशा तिघी. जेवताना मी हे सगळं कौतुकानं सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं, घास गिळला आणि आईकडे वळून म्हणाली, म्हणजे हिच्या लग्नाचं हेच झालं. शिकलेला हवा आणि उंच हवा आणि विनोदी हवा आणि घोरणारा नको. आलं शून्य. आई म्हणाली, मी केव्हाची कानीकपाळी ओरडतेय की ‘किंवा’ लाव. मी दोघींना बजावलं की चाळिशी उलटलेल्या बाईची जेवताना थट्टा करू नये, ठसका लागतो. मला खरंच लागला, हसून हसून.

अशात गुरांचे डॉक्टर आले. उंच नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते. हातांवर कुणी ना कुणी ओरबाडल्याच्या ताज्या खुणा आणि कोटाला तीन जातींचे केस. तेव्हा यंत्र फक्त मलाच चालवता यायचं, त्यामुळे ज्याला काही शोधायचं असेल त्यानं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून सांगायचं, अशी पद्धत होती. त्यांना घोड्याच्या पाठदुखीबद्दल हवं होतं. मी झोकात ‘घोडा आणि पाठ’ असं लिहिलं. पडद्यावर आलं, ‘घोडेस्वारीचे सोपे पाठ’. त्याखाली, ‘घोडा: इयत्ता पहिलीसाठी नमुना पाठ’. त्याखाली, ‘शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ पाठ असलेला न्हावी’. डॉक्टरांना हसू आवरेना, पण समोर पाटी आणि पाटीखाली साक्षात शांतता. ते आवाज न करता हसले. खुर्ची मात्र कुरकुरत राहिली.

मग मी ‘पाठ’ काढून ‘मणका’ घातला आणि घोडा मार्गी लागला. पण डॉक्टर येत राहिले. आज बदक लंगडतंय, उद्या कासवाला सर्दी, परवा कुणाची मांजर फक्त पाहुण्यांच्या ताटातलं खाते. माझे पहिले दोन प्रश्न त्यांच्यापुढे चालायचेच नाहीत. काय हवंय, तर कासवाची सर्दी. कशासाठी, तर कासवाला सर्दी झालीय म्हणून. तिसऱ्याची गरजच काय होती? मिळालं तर कासवाला औषध देणार, आणखी काय करणार. म्हणून तिसरा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही.

मला ते आवडायला लागले होते. आडपडदा कशाला ठेवू? ते यायचे त्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे घालून जायचे आणि आईला सांगायचे की तपासणी आहे. मावशी म्हणाली, तपासणी आहे ते दिसतंच आहे, निकाल कधी लागणार ते सांग.

आणि इथे मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. डॉक्टरांना शोधणं शिकायचं होतं. मी जीव ओतून शिकवलं, कारण शिकवताना दोघांची बोटं एकाच की-बोर्डवर असायची. ‘आणि’ कुठे, ‘किंवा’ कुठे, त्याची सगळी रूपं मिळावीत म्हणून शब्द मधेच कसा तोडायचा, सगळं. त्यांची चूक झाली की मला आनंद व्हायचा, पण ते फारशा चुका करेनात. बघता बघता पठ्ठे तरबेज झाले.

तेवढ्यात शांतता सरांनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावून नवी व्यवस्था कुजबुजत जाहीर केली. खिडकीपाशी नवे संगणक येणार. आता प्रत्येक वाचक आपलं आपण शोधणार, मधे कुणी नको, हेच पुढचं युग. मग माझ्या टेबलाचं काय, असं मी विचारलं. सरांनी त्याचाही विचार केला होता. ज्याला काही म्हणजे काहीच सापडणार नाही, त्याच्या पडद्यावर ‘शून्य नोंदी. कृपया संदर्भ टेबलाकडे यावे’ अशी ओळ येणार, आणि तेवढे लोक माझ्याकडे. माझ्या शेजारची खुर्ची खिडकीपाशी गेली. संध्याकाळपर्यंत अख्खं ग्रंथालय मला शून्यबाई म्हणायला लागलं.

नावाचं मला काही वाटलं नाही, आणि शिडीवर परत चढायची हौस तर मुळीच नव्हती. मला एकच धास्ती होती. डॉक्टरांना सगळं येत होतं. माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला शून्य कधी येणारच नव्हतं, आणि शून्य आल्याशिवाय माझ्यापर्यंत यायला वाटच उरली नव्हती.

संगणक सुरू झाले त्या दिवशी जत्राच भरली. एका आजींना त्यांनी शाळेत जिंकलेल्या धावण्याच्या शर्यतीची बातमी सापडली आणि त्या अनोळखी माणसांना हात धरधरून पडद्यापाशी नेत होत्या. एका शिंप्यानं ‘किंवा’ लावून लावून इतकं शोधलं की प्रिंटरनं मान टाकली. सरांचं बोट पाटीकडे दाखवून दाखवून थकलं. मला त्या सगळ्यांचा आनंद होत होता आणि सगळ्यांचा हेवाही वाटत होता. डॉक्टर आले, खिडकीपाशी बसले, सशाच्या दातांचं काहीतरी झटक्यात शोधलं, कागद घेतले, लांबून मला हात केला आणि गेले. मीही हात केला. माझ्या हातात स्टेपलर होता तो तसाच.

घरी सांगितल्यावर मावशी म्हणाली, हात केला ना, मग झालं. आई म्हणाली, हात तर बस सुटतानाही करतात. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दोघींनी थट्टा थांबवली, तेव्हा तर मला जास्तच वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला डॉक्टर खिडकीपाशी बसले, थोडा वेळ टकटक केली आणि उठून सरळ माझ्या टेबलाशी आले. शून्य आलं म्हणाले. मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. काय शोधलंत, असं मी शक्य तितक्या कोरडेपणानं विचारलं. ‘शेळी आणि चष्मा’. मी त्यांना समजावलं की इथे ‘आणि’ नको, ‘किंवा’ लावा. त्यांनी मान डोलावली, आभार मानले आणि गेले. दोन दिवसांनी पुन्हा शून्य. ‘बदक आणि निद्रानाश आणि जिना’. मग ‘पोपट आणि वकील आणि उसनी छत्री’.

मला राग यायला फार वेळ लागत नाही. एक तर मी शिकवलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं, नाहीतर हा माणूस चारचौघांत माझी चेष्टा करत होता, आणि शून्यबाईच्या टेबलाशी रोज काय चालतं ते बघायला आता वाचकही माना वळवत होते. शेवटी ते ‘कासव आणि शिट्टी आणि ग्रंथालय आणि मंगळवार’ घेऊन आले, तेव्हा मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, आता रीतसर होऊन जाऊ दे.

“काय हवंय तुम्हाला?”

“सांगितलं ना. कासव आणि शिट्टी आणि…”

“कशासाठी हवंय?”

डॉक्टर ओरबाडलेल्या हातानं टेबलाची कड पुसत राहिले.

“शून्य यावं म्हणून,” ते म्हणाले.

मग मी त्यांना पहिल्यांदाच तिसरा प्रश्न विचारला.

“आणि शून्य मिळालं तर काय करणार?”

“तुमच्याकडे येणार. पडद्यावर तसं लिहिलंय.”

एवढ्यावर थांबले असते तरी माझं भागलं असतं. पण गडी धीर करून पुढे सरसावला. कान लाल झाले, व्याकरण कोसळलं.

“मला आज संध्याकाळी,” ते म्हणाले, “चहा किंवा तुम्ही हव्या आहात.”

चहा किंवा मी. म्हणजे चहा मिळाला की माझं काम नाही. एवढी वर्षं वाट बघून नशिबात आलं ते हे, चहाला पर्याय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना सांगितलं की कोपऱ्यावर टपरी आहे, चहा तिथे उत्तम मिळतो, तो घ्यावा आणि सुखी व्हावं. आवाज चढला असावा, कारण लांबून सर उठून येताना दिसले. डॉक्टरांचा चेहरा पार उतरला. त्यांनी खिडकीपाशी सुरूच राहिलेल्या पडद्याकडे बोट दाखवलं.

“तुम्हीच शिकवलंत,” ते म्हणाले. “‘आणि’ म्हटलं की गळतं. मला काहीच गळायला नको होतं.”

मी हसले. गालातल्या गालात नाही, चांगली खदाखदा, त्या पाटीसमोर उभी राहून. धावण्याच्या शर्यतीवाल्या आजींनी टाळी वाजवली, का ते त्यांचं त्यांनाच माहीत. सर पाटीकडे बोट दाखवत होते, आणि मी डोळे पुसत डॉक्टरांना सांगत होते की यंत्राशी बोलताना ‘किंवा’, माझ्याशी बोलताना ‘आणि’. त्यांनी उत्तर लगेच दुरुस्त करून दिलं. विद्यार्थी हुशारच होता.

मी पर्स उचलली. कुठे निघालात, सरांनी कुजबुजत विचारलं. शून्य आलंय सर, म्हटलं, सोडवून येते. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीपाशी गेले आणि तिथे नेलेली ती खुर्ची उचलून माझ्या टेबलाशेजारी परत आणून ठेवली. ठेवताना खुर्चीचा मोठा आवाज झाला. त्यांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी उशिरा पोचले. दोघी दारातच उभ्या होत्या. उंच आहे का, आईनं विचारलं. मी नाही म्हटलं. घोरतो का, मावशीनं विचारलं. म्हटलं, विचारलं मी चहा पिताना, म्हणाले घरातल्या कुत्र्यांची अजून तक्रार नाही. मग आईनं विचारलं की एकूण किती सापडले.

“एक,” मी म्हटलं.

आई म्हणाली, मग आता शोधणं बंद कर आणि जेवायला बस.