बिनवासाची नळी

पैलवान आडवा झाला तेव्हा सौंदर्या दाराबाहेर चपला घालत होती. हुपरीहून कोल्हापूरची एसटी गाठायची आणि शाहूपुरीतल्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायचं, असा तिचा रोजचा नेम. तेवढ्यात तिची आई, अव्वा, आतून ओरडली, "सौंदर्या, आगं पैलवान उलटा पडलाय की!"

पैलवान म्हणजे ऑस्कर जातीचा मासा, चांगला वीतभर. काचेवर बोट टेकवलं की शड्डू ठोकल्यासारखा धडक द्यायचा, म्हणून हे नाव. तिच्या वडलांचा, अप्पा शिवशरणांचा, तो जीव की प्राण. दिवसभर चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायच्या आणि दमलं की टाकीसमोर पाट टाकून बसायचं. बायकोशी बोलत नसतील एवढं ते त्या माशाशी बोलायचे.

सौंदर्यानं चपला भिरकावल्या, पाण्याचा मोठा ड्रम भरून घेतला आणि दोन्ही हातांनी पैलवानाला उचलून त्यात सोडलं. तिच्या हातात त्यानं साधी शेपटीसुद्धा हलवली नाही. दवाखान्यात येत नसल्याचा फोन करून ती ड्रमापाशीच बसून राहिली. दुपारी त्यानं कल्ले जरा जोरात हलवले तेव्हा कुठं तिनं पाणी प्यायलं.

गोम कुठं होती ते उघड होतं. टाकीचा एक सांधा पाझरत होता. अप्पांनी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणली, जुन्या थरावरच बोटानं फासली, रात्रभर वाळवली आणि पाणी भरून मोकळे झाले. सांधा पाझरायचा तो पाझरतच राहिला आणि वर मासा मरायला टेकला.

"नळी हुंगून घेतली हुती मी," अप्पा पुन्हा पुन्हा सांगत होते. "जरासुदीक वास न्हवता. वास न्हाय म्हंजे इख न्हाय."

हे त्यांचं शास्त्र घरच्या धंद्यातलं. पैंजणं उजळायला ऍसिडाचं पातेलं लागतं. ते झोंबायला लागलं की मागं सरायचं, हे पोरवयात शिकलेलं. नाकाला झोंबेल ते वाईट, झोंबणार नाही ते चांगलं. शिवाय शिवशरणांच्या नाकाचा सगळ्या गल्लीत दबदबा. कुणाचं तूप, कुणाचा हिंग, कुणी वारणानगरहून आणलेला खवा, सगळं त्यांच्या नाकाखालून जायचं आणि मगच त्या घरच्या स्वयंपाकात पडायचं. हां, मागच्या महिन्यात शेगडीवर दूध करपून काळं ठिक्कर पडलं आणि शेजारी बसलेल्या अप्पांना पत्ता नव्हता. अव्वानं त्यावरून दोन दिवस तोंडाचा पट्टा चालवला होता. पण त्यांचं ध्यान पैलवानात असणार, असं सगळे धरून चालले.

सौंदर्यानं कचऱ्यातून ती रिकामी नळी काढली आणि बारीक अक्षरं वाचली. बाथरूम आणि बेसिनसाठी. बुरशी धरू नये म्हणून आत औषध घातलेलं.

"अप्पा, जे बुरशीला मारतंय ते माशाला सोडंल व्हय?"

अव्वा म्हणाली, नवी टाकी आणूया. पण सौंदर्यानं मान हलवली. काच धड होती, दोष फक्त सांध्यात होता, आणि एकदा मनावर घेतलं की ही पोरगी मागं हटणाऱ्यातली नव्हती. "मी करतो नीट. सगळं पहिल्यापासनं. कुणी मधी बोलायचं न्हाय." अव्वानं नवऱ्याकडं बघून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर ती शाहूपुरीत दुकानांमागून दुकानं हिंडली. पहिल्या दुकानदारानं तीच बाथरूमची नळी पुढं केली. दुसऱ्यानं "ही सगळ्यालाच चालती" म्हणून भलतीच पुढं केली. जी सगळ्यालाच चालते ती माशाला चालत नाही, एवढं तिला आता समजलं होतं. तिसऱ्या दुकानात केरबा नावाचा माणूस गल्ल्यावर होता. तिनं नळी मागितली आणि उभ्या उभ्या वाचायला लागली.

"ताई, पेपर हाय का काय त्यो?" केरबा म्हणाला. "आवं, माश्याला काय कळतंय?"

"त्याला न्हाय कळत म्हणून मी वाचतोय."

केरबा हसला आणि आतून आणखी चार नळ्या काढून तिच्यापुढं ओतल्या. त्यातली एक नुसत्या सिलिकॉनची होती. बुरशीचं औषध नाही, रंग नाही, आणि फिशटँकसाठी चालेल असं कंपनीनं स्वतः छापलेलं. तरी तिची खात्री पटेना. नळीवरच्या नंबरावर तिनं फोन लावला, पलीकडच्या माणसाकडून दोनदा वदवून घेतलं. वाळताना आंबट वास येईल, तो पुरता गेल्याशिवाय मासा सोडायचा नाही, असं तो म्हणाला. केरबानं तोवर दोन गिऱ्हाइकं वाटेला लावली आणि तिला बसायला स्टूल दिलं.

मग सुरू झालं खरडणं. नवा सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही, म्हणून आतला जुना थर कणाकणानं काढायचा. ब्लेड घेऊन ती टाकीत डोकं घालून बसायची. बोटं कापली, पाठ आखडली. अप्पा दर थोड्या वेळानं येऊन "झालं की आता" म्हणायचे आणि ती न बघता "न्हाय झालं" म्हणायची. ड्रममधलं पाणी रोज थोडं बदलायचं काम अव्वाकडं होतं. पैलवान तळाशी बसून असायचा, खात नव्हता. ड्रममध्ये तो फार दिवस काढणार नाही, हे तिघांनाही दिसत होतं.

काच लख्ख झाली. तिनं स्पिरिटनं पुसली, सांध्याच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावली आणि नवी नळी उघडली. असला आंबट भपकारा आला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरचा पण एवढा येत नाही.

अप्पांनी नळी हातातून घेतली, नाकाला लावली, डोळे मिटून हुंगली आणि समाधानानं मान डोलावली. "ही बेस हाय बघ. हिलाबी वास न्हाय."

सौंदर्या त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. तोवर परसातून अव्वाचा आवाज आला, "आगं, लोणच्याची बरणी फोडलीस का काय?"

अप्पांची मान डोलायची थांबली. त्यांनी नळी पोरीच्या हातात ठेवली आणि पाटावर जाऊन बसले. सौंदर्यानं कचऱ्यातून काढून कोनाड्यात ठेवलेली ती पहिली, बाथरूमची नळी नाकाशी धरली. त्या नळीलाही तसाच आंबट वास येत होता. बिनवासाची नळी कधी नव्हतीच; त्या रात्री घरातल्या ऍसिडाच्या वाफेत तो वास कुणाच्या ध्यानात आला नव्हता, इतकंच. करपलेलं दूध तिला आठवलं. इतक्या वर्षांच्या ऍसिडाच्या वाफेनं नाक खाऊन टाकलं होतं आणि माणूस कुणाला कळू न देता गल्लीचं तूप हुंगत बसला होता.

पण सांधा उघडा होता. तिनं डोळे पुसले, एका दमात थर ओढला, बोटानं सारखा केला, पट्ट्या काढल्या.

टाकी वाळत होती तेव्हा शेजारचे गणपतराव तुपाची बरणी घेऊन आले. आज सौंदर्यानं नीट पाहिलं. अप्पांनी बरणी नाकाशी नेली खरी, पण बघत होते ते गणपतरावांच्या तोंडाकडं. गणपतरावांचं नाक जरा मुरडलं होतं. "भेसळ हाय," अप्पा म्हणाले, आणि आपला संशय खरा ठरला म्हणून गणपतराव खूश होऊन गेले. म्हणजे हे असं चाललं होतं तर. तिला राग आला आणि रागापेक्षा माया जास्त आली.

थर घट्ट झाला. पाणी भरून पाहिलं, थेंब गळला नाही. पाणी काढलं, अप्पांनी टाकी पुसली. आता वास गेला का तेवढंच बघायचं होतं. पैलवान ड्रममध्ये पुन्हा कलायला लागला होता. अव्वा म्हणत होती सोडा आता. गणपतराव मुद्दाम बघायला आलेले, ते म्हणाले, "शिवशरण, तुम्हीच हुंगून सांगा की. तुमच्याहून मोठं नाक कुणाचं?"

अप्पांनी टाकीत डोकं घातलं आणि तिथूनच नजर वर करून पोरीच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

तिनं नुसती मान हलवून खूण केली असती तरी त्यांची अब्रू राहिली असती. पण थर ओढल्या दिवसापासून ती टाकीत डोकावली नव्हती. आत वास आहे की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. अप्पांना तिच्या चेहऱ्यावर भलतंच काही दिसायचं आणि मासा जायचा. एकदा तो त्यांच्याच हातून मरता मरता वाचला होता. दुसऱ्यांदा तसं झालं तर ते आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाहीत, हे ती जाणून होती. सौंदर्यानं काळजावर दगड ठेवला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

मग अप्पांनी डोकं बाहेर काढलं.

"मला न्हाय कळत, गणपतराव," ते म्हणाले. "नाक गेलंय माजं. कवाच गेलंय." आणि मग भिंतीकडं बघणाऱ्या लेकीला म्हणाले, "सौंदर्या, ये. तू हुंग."

गणपतराव खाली बघायला लागले. अव्वानं पदर तोंडाला लावला. सौंदर्या आली, टाकीत वाकली. अगदी कोपऱ्यात, पुसट, पण होता.

"अजून हाय, अप्पा. आज न्हाय सोडायचा."

अप्पांनी एका शब्दानंही हुज्जत घातली नाही. त्या संध्याकाळी ड्रमचं पाणी त्यांनी स्वतः बदललं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा डोकं घातलं, दोनदा, तीनदा, आणि वास गेला म्हणून मान डोलावली. टाकी भरली, पाणी शिळं होऊ दिलं, आणि अप्पांनीच पैलवानाला ओंजळीतून आत सोडलं. तो तळाशी गेला, थोडा वेळ तसाच राहिला. अप्पांनी काचेवर बोट टेकवलं. पैलवान वळला आणि त्यानं धाडकन धडक दिली.

अव्वा रडायला लागली. अप्पा बराच वेळ बोट तसंच ठेवून उभे होते. मग ते वळले, चुलीजवळचं ऍसिडाचं पातेलं दोन्ही हातांनी उचलून दाराबाहेर अंगणात नेलं आणि लेकीला हाक मारली.

"सौंदर्या, हितं वारं हाय. उद्यापासनं हे काम हितंच. आन् सकाळी एसटीला जायच्या आदी मला जरा सांगत जा, किती झोंबतंय ते."