वाढ काढलेला दोर

मित्रांनो, सध्या माझा मुक्काम एका वासराच्या गळ्यात आहे. वासरू मला साधं दावं समजतं आणि अधूनमधून चघळून बघतं. मी परदेशातून आलो, माझ्या भरवशावर माणसं कडे चढायची, हे त्याला सांगून उपयोग नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही निदान चघळणार नाही.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. आत पांढऱ्या नायलॉनचे पेड, वर नारिंगी विणलेलं आवरण, लांबी पंचेचाळीस मीटर. कारखान्यात आमच्यातल्या काहींना लोखंडी वजन बांधून वरून सोडत, आणि ते तुटेपर्यंत पुन्हा पुन्हा सोडत. जे तुटले त्यांच्या जिवावर बाकीचे पास झाले. परीक्षेची हीच पद्धत मला पुढे शहापूर तालुक्यातल्या शाळेतही दिसली.

माझ्यात एक गुण मुद्दाम घातलेला होता. ताण आला की मी लांबत असे. कड्यावरून पडलेल्या माणसाला एकदम हिसका बसला तर त्याची कंबर मोडते. मी लांबून तो हिसका स्वतःच्या पोटात घेई. बाकी माझ्यात आणि चांगल्या सुतळीत फारसा फरक नव्हता, हे मी आता या वयात कबूल करतो.

मला कुंडलिक गोजर यांनी आणलं. ते किन्हवलीकडच्या एका शाळेत पीटीचे मास्तर. सुट्टीत कल्याणच्या मंडळींबरोबर कडे चढायला शिकले होते. मोटारसायकल घ्यायची म्हणून त्यांनी दोन वर्षं हात आखडता घेतला आणि शेवटी मला घेऊन डोळखांबजवळच्या आपल्या पाड्यावर आले. त्यांच्या आईने, धोंडूबाईंनी, मला उलटसुलट करून पाहिलं. गाडीवर बसून माणूस कुठेतरी जातो, यावर बसून कुठे जाणार, एवढंच त्यांनी विचारलं. मास्तर मला गुंडाळायला लागले.

ओसरीत खुंट्यांवर आधीच बरीच दोरमंडळी नांदत होती. कासरे होते, दावी होती, विहिरीचा काथ्याचा सोल होता, गवताचे भारे बांधायचं चऱ्हाट होतं. ती सगळी घरची, हाताने वळलेली. मी मात्र वेगळ्या पिशवीत राही. मला उन्हात ठेवायचं नाही, माझ्यावर पाय द्यायचा नाही, मला माती लावायची नाही, असे नियम मास्तरांनी घरात जाहीर केले होते. घरातल्या जावयालाही इतकं जपत नसत. चऱ्हाट तेव्हा माझ्याशी बोलत नसे.

दोन वर्षं मी मास्तरांबरोबर हिंडलो. प्रत्येक चढाईआधी ते मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सोडत आणि चाचपत. कौतुकही पुष्कळ झालं. मग अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या मनात आलं की पाड्यावरच्या पोरांना हे शिकवावं. शिकायला आली एकटी सरिता. अकरावीत होती आणि एसटीने शहापूरला कॉलेजला जात होती. आंबा, जांभूळ, टेंभुर्णी असं दिसेल त्या झाडावर ती लहानपणापासून चढत आलेली. मास्तरांना वाटलं, निम्मं काम झालं.

पहिला महिना त्यांनी तिला मला हातसुद्धा लावू दिला नाही. ओढ्याकाठच्या खडकांवर, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, आडवं सरकायला लावलं. हाताने लोंबकळू नकोस, पायावर उभी राहा. तीन ठिकाणी पकड असेल तेव्हाच चौथी सोड. आणि जेवढं चढशील तेवढं आपलं आपण उतर. हे उतरणं सरिताला अजिबात पटत नव्हतं. चढायला शिकायला आलो आणि सर उतरायलाच शिकवतात, अशी तिची तक्रार होती. मास्तर ऐकून घेत आणि पुन्हा उतरायला लावत.

मग पाड्यामागच्या माकडकड्यावर पहिल्यांदा दोर लावून चढायचा रविवार ठरला. चाळीसेक फुटांचा कातळ. सरिताची आई गोदू साफ नाही म्हणाली. नवरा भिवंडीला कामाला, पोरगी पडली आणि पाय मोडला तर जबाब कोण देणार? तिची समजूत मास्तरांना घालता आली नाही. ती घातली त्यांच्या वडिलांनी, देवजीबाबांनी. आख्ख्या पाड्याचे दोर वळणारा माणूस तो. त्यांनी वळलेल्या सोलाने पाड्याच्या तीन विहिरी पाणी देत होत्या.

"गोदू, पोरगी माझ्या हवाली," ते म्हणाले. "दोर मी सवता बघतो."

यावर गोदू हो म्हणाली. मित्रांनो, बाबांनी दिलेला हा शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या शब्दापायी झालं.

त्याच आठवड्यात मास्तरांनी अंगणातल्या आंब्याला मला बांधून स्वतः लोंबकळून दाखवलं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे हातभर लांबलो. पोरं हसली. देवजीबाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. पहिल्या दिवशी वाढणारा दोर त्यांनी पुष्कळ पाहिला होता. पण दोन वर्षं वापरूनही वाढतोच आहे, असा दोर त्यांच्या हिशेबी कच्चा होता. पोरगी घसरली तर हा तिला आणखी हातभर खाली नेणार.

आता आमच्याकडे नवा दोर तसाच कुणी वापरत नाही. त्याची वाढ काढतात. दोर पाण्यात भिजत घालायचा, एक टोक झाडाला बांधायचं, दुसरं बैलांच्या जुवाला, आणि जोडीला हळूहळू पुढे घ्यायचं. दोर लांबेल तेवढा लांबतो आणि मग लांबायचा थांबतो. असा दोर विहिरीवर लावला की घागर बरोबर आहे तिथेच राहते. काथ्याला, अंबाडीला हे मानवतं.

मास्तर परीक्षेच्या कामासाठी दोन दिवस मुरबाडला गेले. देवजीबाबांनी मला पिशवीतून काढलं. सकाळभर मी ओढ्याच्या डोहात दगडाखाली होतो. दुपारी त्यांनी मला ऐनाच्या झाडाला बांधलं आणि गब्रू आणि मोऱ्या ही जोडी जुंपली. जोडी ओढायची, थांबायची, पुन्हा ओढायची. बाबा मधूनमधून माझ्यावर बोट आपटून आवाज ऐकत. पहिल्यांदा आवाज भद्द येत होता. दुपार कलली तेव्हा तारेसारखा टणटणीत आला. बाबांनी बैलांच्या पाठीवर थाप मारली. मी मात्र ऐकलं होतं की माझ्या आत, एका टोकापासून दहाबारा हातांवर, काहीतरी सुटलं. वरचं आवरण होतं तसंच नारिंगी.

त्यांनी मला सावलीत वाळवलं, होतं तसं गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. घरात कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. विहिरीचा दोर तयार केला, हे माणूस घरी सांगत बसतो का?

रविवारी माकडकड्याखाली तीसेक माणसं जमली. मास्तर मला चाचपायला बसले. निम्मा झालो असेन, तेवढ्यात लडकू नारळ घेऊन आला. हा शेजारचा गृहस्थ प्रत्येक कामात नारळ आणि शंका घेऊन हजर असे. आधी नारळ फुटला पाहिजे, मगच पोरीने कातळाला हात लावायचा, असा सगळ्यांनी आग्रह धरला. मास्तर उठले. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, खोबरं वाटलं. मास्तर परत आले आणि, खरं सांगतो मित्रांनो, माझा दुसरा निम्मा त्यांनी हातातच घेतला नाही.

मागच्या वाटेने वर जाऊन त्यांनी मला कड्याच्या माथ्यावर ठोकलेल्या लोखंडी कडीतून ओवलं. माझी दोन्ही टोकं खाली आली. एक सरिताच्या कमरेच्या पट्ट्याला, गाठ दोनदा तपासून. दुसरं मास्तरांच्या हातात. सरिता चढेल तसं त्यांनी मला ओढून घ्यायचं. ती सुटलीच, तर मी तिला धरायचं.

सरिता चढू लागली. पायांवर, शिकवल्याप्रमाणे. वीस फूट झाली असेल. खाली लडकूने नारळ संपवून शंका काढली. पोरगी सुटली तर दोराच्या हिसक्याने तिची कंबर मोडणार नाही का?

मास्तरांनी वर बघत बघतच उत्तर दिलं. "नाही मोडणार, लडकूदादा. हा दोर लांबतो. याच्यातली वाढ हाच याचा जीव आहे. ती नसती तर आपलं चऱ्हाटच लावलं असतं."

देवजीबाबा गोदूच्या शेजारी बसले होते. हातावर तंबाखू होती. अंगठा थांबला.

ते गप्प बसू शकले असते. सरिता चांगली चढत होती. घसरली नसती तर कुणाला काही कळलं नसतं. दोर वळणारा देवजी म्हणून त्यांचं नाव होतं, ते तसंच राहिलं असतं. आणि बोलले तर तीस माणसांसमोर, गोदूच्या शेजारी बसून बोलायचं. हातातली तंबाखू टाकून ते उठले.

"कुंडलिक. तिचा भार दोरावर येऊ देऊ नको."

"का?"

"याच्यातली वाढ मी काढली. बैल लावून."

मास्तरांनी मान वळवली नाही. सरिताला त्यांनी वर्गातल्याच आवाजात सांगितलं की आजचं बस झालं, उतर.

"सर, थोडंच राह्यलंय."

"उतर, सरिता. दोर नाहीच असं समज. पाय बघ."

ती समजली. कशी समजली कोण जाणे, पण तिने मला हात लावला नाही. एक पाय खाली सोडला, चाचपला, ठेवला. मग हात. मी तिच्या कमरेशी होतो, पण लग्नात लांबचा पाहुणा असतो तसा. निम्म्यावर तिचा डावा पाय निसटला. खडे खाली आले. ती बोटांवर राहिली आणि पाय हवेत खाच शोधू लागला. मास्तरांचे हात माझ्यावर घट्ट झाले, कारण दुसरं काय घट्ट करणार?

देवजीबाबा कड्याच्या पायथ्याशी पोचले होते. या कातळावर पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी बकऱ्या चारल्या होत्या.

"डाव्या पायाखाली गो. वीतभर. जरा आतल्या अंगाला. खोबणी हाय बघ."

पाय आत गेला आणि टिकला. पुढचं प्रत्येक पाऊल त्यांनी सांगितलं. सरिता जमिनीवर आली तेव्हा तिच्या बोटांची सालटं निघालेली होती. गोदूने तिचे तळहात उलटसुलट करून पाहिले. मग बाबांकडे वळली.

"दोर तू बघनार व्हतास ना, दादा?"

"बघितला गो," बाबा म्हणाले. "माज्या डोळ्यानं बघितला."

मास्तर मला बोटांतून सोडत होते. सरिताच्या गाठीपासून दहाबारा हातांवर बोटं थांबली. तिथे मी आतून पोकळ, मऊ झालो होतो आणि वाकवलं की चपटा दुमडत होतो. त्यांनी बाबांचा हात धरून त्यांचं बोट तिथे ठेवलं. बाबांनी बराच वेळ काढलं नाही. मास्तर ओरडले नाहीत. नारळाच्या आधी निम्मा बघितला आणि नारळानंतर तेवढ्यालाच पूर्ण समजलो, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग त्यांनी कोयता मागितला.

मी तुटलो असतो का? मित्रांनो, हा प्रश्न मला चऱ्हाटानेही विचारला. आमचं बोलणं सुरू झालं ते असं. मला माहीत नाही. दोराला हे आधी कळत नाही.

माझे बरेच तुकडे शाळेत गेले. खिडकीच्या गजांना बांधून पोरं त्यावर गाठी शिकली. हा एक तुकडा बाबांनी मागून घेतला. सध्याचं वासरू चौथं.

पुढच्या हिवाळ्यात कल्याणहून नवा दोर आला आणि सरिता माकडकडा पूर्ण चढली. दोन हजार सात साली ती स्वतःच पोरांना शिकवायला लागली. पहिल्या रविवारी बाबा वासराला घेऊन कड्याखाली आले, म्हणून मीही होतो. सरिताने नवा दोर सगळ्यांसमोर मांडला.

"याला कुणी काय केलंय? आत्ता सांगा. मी रागावनार नाय."

तिने बाबांकडे पाहिलं.

"मी नाय गो. माज्याकडं आता बैलच नाय," बाबा म्हणाले.

सगळे हसले. हसणं संपलं तेव्हा भूमिका नावाच्या छोट्या मुलीचा हात वर होता. काल खेळताना तिने दोरावर पाय दिला होता. दोनदा. सरिताने तिला शेजारी बसवून घेतलं आणि दोघींनी मिळून दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. घाई कुणी केली नाही. लडकू नारळ घेऊन बाजूला उभा होता. या खेपेला नारळ थांबला.

वस्तूंची निगा राखा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. देवजीबाबांनी माझी निगाच राखली होती, आणि ती मनापासून राखली होती. म्हणून माझं मागणं थोडं वेगळं आहे. निगा राखण्याआधी विचारा, आणि राखून झाली की सांगा. आम्हा वस्तूंना आमची हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही. आजचा अपवाद सोडा.

वासरू पुन्हा मला चघळू लागलं आहे. जाताना बाबांच्या कानावर तेवढं घाला.