चार बोटांची फट

मी एक जुना खांब आहे. मित्रांनो, खांब म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर छप्पर पेलून उभा असलेला कुणी कष्टाळू गडी येईल. माझ्याबद्दल तसं काही मनात आणू नका. एका वाचनालयाच्या दालनात मी ऐन मध्यभागी उभा आहे. अंग गुलाबी, डोक्यावर पिवळ्या पाकळ्यांचा मुकुट आणि मुकुट व वरची तुळई यांच्यामध्ये चार बोटांची फट! मी छपराला टेकतच नाही. आहे की नाही गंमत?

माझा नकाशा काढला तो एका वास्तुकार बाईंनी. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. मला घडवणारा गवंडी वयाने त्यांच्यापेक्षा जरासा मोठा. त्याने विटांची पोकळ नळी रचली, गिलावा चढवला आणि उभ्या खाचा अशा सरळ काढल्या की नखाएवढा फरक सापडू नये. मुकुट बसवून झाल्यावर त्याने वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“बाई, घोटाळा झाला. खांब चार बोटं कमी पडला!”

“कमी नाही पडला, मिस्त्री. मी तेवढाच काढलाय.”

“अहो, मग हा उचलणार काय?”

“काहीच नाही. छप्पर भिंतींवर आहे. हा नुसता उभा राहणार.”

“नुसतं उभं राहायला माझा मेहुणा आहे की घरी! त्यालाच आणू का?”

बाई खळखळून हसल्या आणि पालथ्या बादलीवर बसून त्याला समजावू लागल्या. “मिस्त्री, आम्हाला शिकवलं की जे कामाचं नाही ते काढून टाका. त्यातून चांगल्या इमारतीही झाल्या. पण पुढे जो तो सरळ खोकीच बांधत सुटला. माणसं आत येतात, काम उरकतात, निघून जातात. वर कुणी बघतच नाही. म्हणून मी महालातला खांब आणला, त्याला खेळण्यातला रंग दिला आणि थोडी थट्टा केली. आत आलेल्या माणसाने विचारायला हवं, हे असं का? तेवढंच याचं काम.”

या असल्या कामाला पुढे विद्वानांनी ‘उत्तर-आधुनिक’ असं भारदस्त नाव दिलं. गवंड्याला मात्र ते काही पचलं नाही. त्याच्या धंद्यात न टेकलेला खांब म्हणजे अर्धवट काम. दुसऱ्या दिवशी बाई जेवायला गेल्या तशी स्वारी परांचीवर चढली. दारातून दिसू नये अशा बेताने त्याने माझ्या मागच्या बाजूला फटीत एक लाकडी पाचर ठोकून घट्ट बसवली आणि वरून रंग फासला.

“तुला अर्धवट नाही सोडणार, बाळा,” तो पुटपुटला. “वेळ पडली तर हात दे.”

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा. मी काही पेलतोय की नाही? मुकुटावर मागच्या अंगाला काहीतरी दाबल्यासारखं वाटायचं. हेच का ते ओझं? भिंतींना विचारावं, तर त्या जन्माच्या अबोल.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. जो येई तो वर बघे आणि विचारी, “हा खांब अर्धवट राहिलाय का?” पहिल्या ग्रंथपाल बाई न कंटाळता उत्तर देत. पोरं कागदाचे बोळे फटीतून पलीकडे पाठवायची शर्यत लावत. मासिकांत माझे फोटो आले. एक निवृत्त हेडमास्तर मला ‘आयतोबा’ म्हणाले, तासभर तावातावाने भांडले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याच सावलीत वाचत बसू लागले.

मग दिवस पालटले. माझा गुलाबी रंग विटला. अंगावर सूचनांचे कागद चिकटले. ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्या, आवराआवरीत नकाशा हरवला आणि विचारणारेही संपले. मित्रांनो, मला शिव्या चालतात. पण कुणी काही विचारेनासं झालं, याचं फार वाईट वाटलं.

चाळिसाव्या वर्षी माझ्या मुकुटाखाली तडे गेले. नव्या ग्रंथपालांनी इंजिनिअरला बोलावलं. पोरगा हुशार होता, डोळ्यांत तेल घालून पाहणारा. त्याने तडे मोजले, फट मोजली आणि त्याचा चेहरा उतरला.

“साहेब, खांब चार बोटं खचलाय. पाया गेला. छप्पर कधी बसेल सांगता येत नाही. वाचनालय बंद करा.”

झालं! दारावर पाटी लागली. आठ दिवसांनी मला पाडणार आणि इमारत पुन्हा उघडेल की नाही याचा भरवसा नाही. ग्रंथपालांचा जीव टांगणीला लागला. माझंही तेच.

ती पाटी एका म्हाताऱ्याने वाचली. तो रोज सकाळी यायचा आणि माझ्या पाठीमागच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचा. तोच माझा गवंडी! पाचरीची गोष्ट सांगितली, तर सरळ कामाचा माणूस म्हणून जन्मभर मिळवलेलं नाव पणाला लागणार होतं. तरी तो बाईंच्या घरी गेला आणि त्यांना घेऊन आला. बाईंचे केस पांढरे झाले होते.

“तेव्हा मी तुमचं ऐकलं नाही,” इंजिनिअरसमोर तो खाली मान घालून म्हणाला. “खांब खचलेला नाही. तो मुळातच तेवढा आहे. मागे पाचर आहे, ती माझी.”

बाईंनी माझ्या मागे जाऊन वर पाहिलं.

“लोकांना वर बघा म्हणून सांगत फिरले,” त्या म्हणाल्या, “आणि मीच कधी मागून पाहिलं नाही.”

इंजिनिअरने आधी तुळईला टेकू दिले. पाचर मात्र गवंड्यानेच काढली. शिडी धरली ती इंजिनिअरने. मग टेकू हळूहळू सैल केले, तरी तुळई तसूभरही खाली आली नाही. इतक्या वर्षांत ती किंचित वाकली होती, पाचरीने तिचा भार माझ्या पोकळ अंगावर टाकला आणि मी तडकलो, एवढीच भानगड. पाचर निघाली त्या क्षणी मला हलकं हलकं वाटलं. ओझं म्हणजे काय, ते मला उतरल्यावर कळलं.

गवंड्याने हात फटीत घातला. पलीकडे त्याची बोटं हलताना सगळ्यांना दिसली.

“आरपार जातो की हो!” तो शिडीवरच हसायला लागला. “बाई, तुमची गंमत आत्ता कळली. जरा उशीर झाला.”

“चाळीस वर्षं म्हणजे जरा का?” बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

पाटी उतरली. तडे बुजवले, मला पुन्हा गुलाबी केलं. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, रंगवा, जपा. पण त्या अशा का आहेत, हेही विचारा आणि विचारणाऱ्याला सांगत राहा. कारण माहीत नसलेली वस्तू लोक आधी पाडतात.

काल एक मुलगी आली. तिने मान वर केली आणि ग्रंथपालांना विचारलं, “हा खांब अर्धवट राहिलाय का?”

ग्रंथपाल तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली.

“नाही गं,” तो म्हणाला. “पुरा झालाय. ये, बस इथे, सांगतो.”