बिनडोक्याची चूक

"'एक प्रकारचा खिळा' असं लिहा आणि पुढच्या शब्दाकडे वळा, बाई," संपादक चष्मा पुसत म्हणाले. "एका 'स्प्रिग'पायी आपली सकाळ गेली."

शब्दकोशाच्या कचेरीत बाईंची एकतीस वर्षं गेली होती. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचा एकेक अर्थ वेगळ्या कार्डावर उतरवायचा आणि कुणाच्या तरी तोंडात खरोखर असलेला मराठी शब्द त्याच्यासमोर मांडायचा, हे त्यांचं काम. हा शब्द सकाळपासून हसतखेळत चालला होता. पहिला अर्थ डहाळी. दुसरा, कापडावरची बुट्टी. तिसरा अर्थ होता बड्या घरचं पोर, तेही थट्टेनं म्हटलेलं. तिथे पलीकडच्या टेबलावरून टंकलेखक म्हणाला, "कुलदीपक लिहा की! माझ्या मेव्हण्याला आम्ही तेच म्हणतो." संपादकांनाही हसू फुटलं. चौथ्या अर्थापाशी मात्र गाडी अडली. खिडकीच्या चौकटीत काच धरून ठेवणारा, डोकं नसलेला बारीक खिळा.

"'एक प्रकारचा' म्हणजे हात झटकणं झालं," बाई शेवटी म्हणाल्या. "मला अर्ध्या दिवसाची रजा द्या. घरी विचारून येते."

"घरी कुणाला?"

"बाबांना. चाळीस वर्षं तावदानं बसवली त्यांनी."

संपादक जरा घुटमळले. "पण ते... बोलतात का आता?"

"अधूनमधून," बाई म्हणाल्या. ते खरं नव्हतं.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या मनातून एकेक गोष्ट उठून गेली होती. आधी माणसांची नावं, मग वार, मग लेक. अलीकडे तोंड उघडायचं ते घासापुरतं. खिडकीतून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडायचा आणि तो सरकेल तशी त्यांची नजर सरकायची. त्यांचा दिवस म्हणजे तेवढाच प्रवास.

बाईंनी शेजारी बसून विचारून पाहिलं. मग कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आपलं आपल्यालाच कसंसं वाटलं. बाबा उन्हाकडे बघत होते. शेवटी बाईंनी पलंगाखालून बाबांची जुनी किंतानी पिशवी ओढली. आत काच कापायची हिरकणी होती, पटाशी होती, एक पत्र्याची डबी होती. डबी उघडून त्यांनी चिमूटभर खिळे बाबांच्या तळव्यावर ओतले.

बोटं आपसूक मिटली. मग अंगठ्यानं त्यातला एक वेगळा काढला, चिमटीत फिरवला. बाबांची पाठ सरळ झाली.

"चूक," ते म्हणाले.

बाईंनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं. "काय चुकलं, बाबा?"

"चुकलं नाही हो. चुका म्हणतात ह्यांना." आवाज गंजलेला होता, पण कामावरचा होता. "ही बिनडोक्याची चूक."

त्या 'हो'वरून बाईंना कळलं की आपण कुणी गिऱ्हाईक आहोत. त्यांनी तसंच राहू दिलं. "डोक्याची का नाही चालत?"

"डोकं काचेवर टेकतं. जरा दाब आला की तडा. ही मुकाट आत शिरते. वरून लांबी लिंपली, खडू तेलात मळून करतात ती, की दिसतसुद्धा नाही. लोकांना वाटतं, लांबीनंच काच धरलीय. वाटू दे. लांबी पाणी अडवते. धरते ती ही."

खोलीभर पिवळसर उजेड तरंगत होता.

"आमची मुलगी कचेरीत शब्द शोधते," ते म्हणाले. "एकेका शब्दामागे दिवस घालवते म्हणे. मी कधी विचारलं नाही तिला. आपल्याला काय कळणार त्यातलं? पण हात असाच लागत असणार. हळू. जोर लावला की फुटतंच."

'मीच ती' हे बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण म्हटलं असतं तर ते दचकले असते आणि सगळंच विरून गेलं असतं. त्यांनी विचारलं, "एका बाजूला किती मारायच्या?"

आणि बाबा बोलत राहिले. शाळेची उंच तावदानं, दवाखान्याची दुधी काच, एका जिन्यावरची निळी, जिच्यामुळे वर चढणारा माणूस पाण्यातून चालल्यासारखा दिसायचा. बोलता बोलता भिंती पातळ होत गेल्या. बाईंना वाटलं, आपण खिडक्याच खिडक्या असलेल्या घरात बसलोय आणि हा म्हातारा त्या एकेक करून उघडतोय. मग वाक्य अर्धंच राहिलं. बाबांना मूठ मिटलेलीच असताना झोप लागली. त्यानंतर ते तसे पुन्हा कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "बिनडोक्याची चूक? अहो बाई, छापून आल्यावर लोक म्हणतील, ती आमचीच!"

टंकलेखक खो खो हसला. बाईही हसल्या, आणि मग त्यांनी डोकं, दाब, तडा, लांबी हे सगळं बाबांच्याच शब्दांत सांगितलं. संपादकांनी ऐकून घेतलं आणि निळ्या पेन्सिलीनं कार्डाच्या कडेला लिहिलं, 'राहू द्यावे.'

"आणि माहिती देणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घाला," ते म्हणाले.

त्या यादीत डॉक्टर होते, वकील होते, तीन-चार प्राध्यापक होते. "नावापुढे काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांचं लिहिता तेच. व्यवसाय."

बाईंनी लिहिलं, 'तावदाने बसवणारे'.

यादीचं मुद्रित तपासायला आलं ते दीड वर्षानं. बाई नेहमीसारख्या पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. एका प्राध्यापकांच्या नावातली वेलांटी सुधारली. पुढची ओळ 'तावदाने बसवणारे'ची होती. तिथे लाल शाईनं खूण केली, समासात बारीक, सरळ अक्षरात 'कै.' लिहिलं, पुढचं टिंब दिलं. शाई वाळेपर्यंत थांबल्या आणि पट्टी खालच्या नावावर सरकवली.