गोलाईवर मागे पाहणे

गोदूला समुद्राचा तळ बघायचा होता. साड्या नेसून झाल्या, देवदर्शनं झाली, पोरीचं लग्न झालं. आता बावन्नाव्या वर्षी बाईंच्या डोक्यात मासे शिरले होते. पोर श्रावणी अंदमानात राहायची. तिनं तिकिटं काढून पाठवली, पण अट घातली, की आईबाबांनी आधी रायपुरातल्या स्विमिंग पुलात स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारण्याचं, शिक्षण पुरं करायचं. शिकवणाऱ्याची सही नाही, तर समुद्र नाही.

शिकवणारा राजस इथलाच, मराठी घरातला, पण तोंडात हिंदी. पाण्याखाली प्रत्येकाचा एक जोडीदार असतो, त्याला बडी म्हणायचं, हे त्यानं पहिल्या दिवशीच समजावलं होतं. बडीनं हाताच्या अंतरावर राहायचं, घडीघडी वळून बघायचं. जोडीदारानं गळ्यावरून आडवा हात फिरवला, की त्याची हवा संपली. आपल्या टाकीची जादा नळी त्याला लगेच द्यायची.

गोदूचा बडी म्हणजे तिचा नवरा दिवाकर, मालगाडीचा ड्रायव्हर. माणूस निर्व्यसनी, पगार घरात देणारा, पण चालणं असं, की गुढियारीच्या बाजारात कायम दहा पावलं पुढे. पिशवी घेऊन गोदू मागे. एकदा तर साहेब घरी पोचून रिकाम्या स्वयंपाकघराला चहा मागत बसले होते, आणि गोदू अजून कोथिंबीरवालीपाशीच.

शनिवारी परीक्षा झाली. ठरल्याप्रमाणे पुलाच्या मध्यावर गोदूनं गळ्यावरून हात फिरवला. समोर कोणीच नव्हतं. दिवाकर पार पलीकडची भिंत गाठून, पहिला आल्याच्या आनंदात तिथं तरंगत होता. राजसनंच तिला आपली नळी दिली आणि वर आणलं.

"आंटी, आप तो पास हो," तो म्हणाला, "लेकिन अंकल को आपका बडी नहीं लिख सकता. कल आखरी दिन है, फिर मैं निकल जाऊंगा."

गोदूच्या डोळ्यांत पाणी आलं. पुलातलं नव्हे, स्वतःचं. घरी येऊन तिनं ताट जरा जोरातच वाढलं आणि मग तिचा बांध फुटला.

"गोलाईवर गाडी वळते तवा तुम्ही का करता?"

"मागं पायतो," दिवाकर गोंधळून म्हणाला. "सारे डबे येऊन राहिले का नाही, ते पाहा लागते. गार्ड झेंडी दाखवते, मी दाखवतो. काहून?"

"अठ्ठावन डब्यांले पायता. लोखंडाच्या! अन् मी त एकच डबा आहो. माह्याकडे पाहाले तुमची मान काहून वळत नाही?"

दिवाकरचा घास हातातच राहिला. तीस वर्षांच्या नोकरीत कोणी त्याची अशी चूक काढली नव्हती, आणि ही तर सोळा आणे खरी होती. तो उठला, हात धुतला आणि म्हणाला, "उद्या पाह्य."

रविवारी त्यानं पाहिलं. इतकं पाहिलं, की दोनदा भिंतीवर डोकं आपटलं. दर चार हातांवर मान मागे, बोटांचा गोल करून विचारणं, ठीक ना? गोदूचा गोल आल्याशिवाय साहेब पुढे सरकेनात. तिनं गळ्याकडे हात नेला न नेला, तोच नळी तिच्या तोंडापुढे हजर. पाण्याखाली हसता येत नाही, हसलं की डोळ्यांवरच्या काचेच्या मुखवट्यात पाणी शिरतं. गोदू हसली, आणि तिचा मुखवटा भरला.

राजसनं सही केली. समुद्र मिळाला.

परतताना भाजी घ्यायला दोघं गुढियारीत उतरली. मोटारसायकली, हमाल, कांद्याच्या गाड्या, आणि दिवाकर सवयीनं दहा पावलं पुढे. गोदूला वाईट वाटलं. पुलातलं पुलातच राहिलं म्हणायचं. ती कांदेवाल्यापाशी थांबली.

गल्लीच्या वळणावर दिवाकरही थांबला. वळला. भर बाजारात हात वर करून त्यानं बोटांचा गोल केला.

गोदूनं गोल केला नाही. पिशवी सावरत तिनं गळ्यावरून आडवा हात फिरवला.

पंचावन्न वर्षांचा माणूस गर्दी कापत पळत आला. "का झालं?"

"काही नाही. येता का, ते पाहून राहिली होती."

दिवाकरनं तिच्या हातातली पिशवी घेतली. गल्ली अरुंद होती, मागून एक स्कूटरवाला सारखा हॉर्न वाजवत होता, पण दिवाकर काही गोदूच्या शेजारून हटला नाही.