टायरची एक्सपायरी

मेडिकलवाल्यांच्या हातात कोणतीही वस्तू द्या, ते ती आधी उलटी करणार. पाहुण्यांनी आणलेला बिस्किटांचा पुडा असो नाहीतर बायकोने आणलेली टूथपेस्ट, तळाची तारीख वाचल्याशिवाय ती घरात पुढे सरकत नसे. चौतीस वर्षे औषधांच्या काउंटरमागे उभे राहून लागलेली ही खोड. दोन वर्षांपूर्वी मालकाच्या मुलाने दुकानात संगणक बसवला, तारखा सांभाळायचे काम संगणकाकडे गेले आणि मेडिकलवाले घरी आले. खोड मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. बायको म्हणायची, "अहो, माझीही बघून घ्या एकदा, कुठे छापली असेल तर."

असा माणूस टायर घ्यायला निघाला, तर काय होणार ते उघड आहे. पण त्यांना घाई होती, आणि घाईला कारणही होते.

पंधरा महिने घरी बसून लेकीला नोकरी लागली होती. घाटापलीकडच्या रुग्णालयात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. कामाची वेळ सकाळी सातची आणि पहिली बस पोहोचणार साडेनऊला. म्हणजे गाडी हवीच. सोमवारी हजर झाली नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू, असे पत्रातच लिहिले होते. घरातली छोटी गाडी बारा वर्षांची, इंजिन खणखणीत, पण चारही टायर झिजून गोटा झालेले. "या टायरवर गाडी घाटात जाणार नाही," मेडिकलवाल्यांनी सांगून टाकले. "मग बदला, पण सोमवारच्या आत," लेक म्हणाली. घाटात एका वळणावर कठडा तुटलेला आहे. त्या वळणाचा विचार मेडिकलवाल्यांच्या मनात आठवडाभर रोज येत होता.

शनिवारी सकाळी ते गाडी घेऊन एकटेच बाहेर पडले. लेक कागदपत्रांच्या झेरॉक्स काढत बसली होती. निघताना त्यांनी एकच पण केला होता. आपण काय बघतोय ते दुकानदाराला कळू द्यायचे नाही. एकदा त्याला कळले की तो सावध होतो.

पहिले दुकान एका बाईंचे होते. पन्नाशीच्या, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, पहार लावून रिमवरून टायर उपसत होत्या. काम न थांबवता त्यांनी विचारले, "कुठली गाडी, काका? रोज किती चालते? घाट आहे का रस्त्यात?" एवढी चौकशी कशाला, असे मेडिकलवाल्यांच्या मनात आले. डॉक्टरसुद्धा हल्ली एवढे विचारत नाहीत. बाईंनी मधल्या किमतीचा एक टायर पुढे घरंगळत आणला. "हा घ्या. महागडा नको तुमच्या गाडीला, आणि अगदी स्वस्तातला घाटात नको."

मेडिकलवाले चष्मा कपाळावरून खाली ओढून वाकले. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांची ही गर्दी होती. पण चौतीस वर्षांची नजर ती. लंबगोल चौकटीतले चार आकडे त्यांनी क्षणात टिपले. अकरा-चोवीस.

फेब्रुवारी पंचवीस चालू होता. अकरा-चोवीस म्हणजे नोव्हेंबर चोवीस. म्हणजे माल संपून तीन महिने झाले होते.

चेहऱ्यावरची माशी हलू न देता त्यांनी विचारले, "कमी नाही का करणार काही?"

"करीन की. हा लॉट जरा मागचा आहे, तेवढे कमी करते."

मेडिकलवाल्यांना आणखी काय पाहिजे होते? मागचा लॉट. तोंडाने कबूल करतेय. घसा साफ करून ते म्हणाले, "घरी विचारून येतो." बाईंनी मान हलवली आणि पुन्हा पहार हाती घेतली. थांबवलेसुद्धा नाही. खऱ्या मालवाल्या असत्या तर थांबवले नसते का, असेही त्यांना वाटून गेले. थांबवले असते तर त्यांना काय वाटले असते, ते विचारू नका.

दुसरे दुकान चकाचक, काचेचे. तिथे दोन टायर निघाले नऊ-चोवीस. पाच महिने उलटलेले. उरलेल्या दोन टायरांवर चक्क पन्नास-चोवीस. पन्नासावा महिना. जुना आकडा खोडून नवा छापायचा, आणि तोही असा अडाणीपणाने? मेडिकलवाल्यांना हसावे की रडावे कळेना. एका दुकानात असते तर चूक म्हणता आली असती. पण दोन्हीकडे तेच म्हणजे साखळी आहे, वरपासून खालपर्यंत सगळे सामील आहेत. या टायरांवर लोक बायकापोरांना बसवून हिंडतात. त्यांचा संताप अगदी खरा होता, आणि त्या संतापात थोडे सुखही होते. जे कुणाला दिसले नाही ते त्यांना दिसले होते.

दुपार कलली. पाय भरून आले. पेट्रोल पंपामागे एका शेडमध्ये टायरांच्या उतरंडी लावलेले तिसरे दुकान होते. त्याचा मालक एवढा गोड बोलायचा की गिऱ्हाइके त्याला गोडबोल्याच म्हणायची. मेडिकलवाले आपल्या पद्धतीने एका टायरवर वाकले, तसा तो मागून येऊन म्हणाला, "काका, बसा आधी. पाणी घ्या. काय शोधताय एवढं?"

दिवसभर ताकास तूर लागू न दिलेला माणूस पाण्याच्या एका पेल्याला विरघळला. "एक्सपायरी," ते म्हणाले.

गोडबोल्या समोर आला. त्याने त्यांच्याकडे नीट पाहिले. चष्मा, खिशातले पेन, इस्त्रीचा शर्ट. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, वीस वर्षं धंदा करतोय. एक्सपायरी विचारणारे तुम्ही पहिले. लोक येतात, भाव विचारतात, जातात. कळतं कुणाला?"

"कळायला पाहिजे," मेडिकलवाले म्हणाले.

"तुमच्यासारख्यांना कळतं. तुम्ही या लायनीतले दिसता."

"औषधांच्या."

"म्हणूनच. मग तुमच्याशी लपवाछपवी कशाला? थांबा." तो आत गेला आणि चार टायर घेऊन आला. काळेभोर, आरशासारखे चमकणारे. एकाच्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, "तुम्हीच वाचा. मी कशाला सांगू?"

बारा-अठ्ठावीस. डिसेंबर अठ्ठावीस. चारही टायरांवर तेच. आणि किंमत पहिल्या दुकानातल्या बाईंच्या भावाच्या निम्मी. "वापरलेले आहेत, पण अगदी नावाला. एका मोठ्या साहेबांच्या गाडीचे," अशी गोडबोल्याने पुस्ती जोडली. एरवी या 'मोठ्या साहेबां'पाशी मेडिकलवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली असती. आज ती पाल झोपली होती. हरभऱ्याच्या झाडावर इतक्या वर चढल्यावर खालचे काय दिसणार? तासाभरात चारही टायर बसले आणि ते शीळ घालत घरी आले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सगळी हकिगत सांगितली. साखळी, पन्नासावा महिना, शेवटी भेटलेला एकुलता एक प्रामाणिक माणूस. बायको तोंडावर हात ठेवून ऐकत होती. लेकीने मात्र घास खाली ठेवला.

"बाबा, टायरवर एक्सपायरी छापत नाहीत."

"मी वाचली ना."

"ती बनवल्याची तारीख. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे बघा." तिने फोन पुढे केला.

"फोनवर कुणीही काहीही लिहितं."

"बरं. मग पन्नासावा महिना कुठला?"

मेडिकलवाल्यांनी मनात हिशेब मांडला. वर्षाचे आठवडे बावन्न. पन्नास-चोवीस म्हणजे डिसेंबरातला, जेमतेम दोन महिन्यांचा, दिवसभरात पाहिलेला सगळ्यात ताजा माल. आणि बाईंचा अकरा-चोवीस वर्षभराचासुद्धा नव्हता. मागचा लॉट म्हणाल्या होत्या त्या, आणि तो तेवढाच मागचा होता.

"आणि बारा-अठ्ठावीस?" लेकीने हळूच विचारले. "तीन वर्षांनी बनणारा टायर त्याने आज कुठून आणला?"



रविवारी उजाडताच लेक चटई टाकून गाडीखाली शिरली. मेडिकलवाले बाजूला उभे होते. आतल्या बाजूने, चाकामागे तोंड करून बसवलेली ती लंबगोल चौकट तिला सापडली. "त्रेचाळीस-सोळा," ती खालून म्हणाली. पुढचा टायर, त्रेचाळीस-सोळा. मागचे दोन पंधराचे. बाहेर येऊन तिने ओल्या फडक्याने एका टायरचे पॉलिश पुसले. खाली हिवाळ्यातल्या टाचेसारख्या बारीक भेगा पडलेल्या होत्या.

मेडिकलवाले पायरीवर बसले. त्या वळणावरचा तुटका कठडा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. या हातांनी, तारीख वाचून, चष्मा लावून त्यांनी लेकीच्या चाकांना हे बसवून आणले होते.

गोडबोल्याची शेड रविवारी बंद होती, आणि उघडी असती तरी लावलेला माल त्याने परत घेतला असता असे नाही. पैसे पाण्यात गेले ते गेलेच. लेकीने आपली उरलीसुरली शिल्लक काढली आणि दोघे जण, लेक गाडी चालवत आणि बाबा शेजारी, बैलगाडीच्या वेगाने बाईंच्या दुकानी गेले.

बाईंनी गाडीचे टायर पाहिले, मेडिकलवाल्यांना पाहिले आणि काय ते ओळखले. कडेवरच्या बारा-अठ्ठावीसवर त्यांनी नख आपटले. "हा टायर ज्या साच्यात बनला, त्या साच्याचा नंबर आहे, काका. कुणी काय सांगितलं याचं?"

मेडिकलवाल्यांनी सगळे सांगितले. अकरा-चोवीससुद्धा सांगितले. तुमच्यावर शंका घेतली होती, हेही सांगितले.

बाई हसल्या नाहीत. "काल वाकलात तेव्हाच मला विचारायचं. मी सांगितलं असतं. शंका माझ्यावर घेतलीत आणि विचारायला त्याच्याकडे गेलात." एवढे बोलून त्यांनी गाडी जॅकवर घेतली.

काम चालू होते तोवर बापलेक बाकावर बसले. बऱ्याच वेळाने लेक म्हणाली, "एक विचारू? तुम्ही कुणाचं ऐकत नाही. त्याचं कसं ऐकलंत?"

मेडिकलवाले चष्म्याची काच पुसत राहिले. पुसून झाली तरी पुसत राहिले. "तो म्हणाला, तुम्हाला कळतं." मग ते पुढे म्हणाले, "दोन वर्षं झाली, असं कुणी म्हटलं नव्हतं गं."

लेकीला वाईट वाटले, आणि आपणही त्या 'कुणी'मध्ये आहोत हे तिला कळले. ती बाकावर त्यांच्याजवळ थोडी सरकली.

सोमवारी सकाळी साडेपाचला गाडी दाराशी उभी होती. मेडिकलवाल्यांनी चारही चाकांभोवती एक फेरी मारली, वाकून चारही अकरा-चोवीस वाचले, हवा बघितली. आता बोलण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून ते नुसतेच बाजूला उभे राहिले. लेकीने इंजिन चालू केले आणि काच खाली केली.

"बाबा, उतारावर कितवा गियर ठेवू?"

मेडिकलवाल्यांना लगेच संशय आला. सहा वर्षांपूर्वी याच गाडीत, याच घाटात त्यांनीच तिला हे शिकवले होते, आणि ही पोरगी एकदा ऐकलेले विसरणारी नव्हे. तिला ठाऊक आहे, शंभर टक्के ठाऊक आहे, आणि तरी ती विचारतेय. का विचारतेय तेही त्यांच्या लक्षात आले.

"दुसरा," ते खिडकीशी वाकून म्हणाले. "सगळा भार ब्रेकवर नको टाकू. आणि वळणाच्या आधीच वेग कमी कर, वळणात नको."

"वळणाच्या आधी," लेक म्हणाली, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी, आणि त्यांचे सांगून पुरे होईपर्यंत तिने गाडी हलवली नाही.